एक जून

बद्रीनाथ गुरुजींनी फळ्यावर इंग्रजी तीन अक्षरं काढली, बोटांचा खडू धोतराच्या सोग्याला पुसला आणि वर्गातल्या एकुलत्या एका विद्यार्थिनीकडे वळून म्हणाले,

"वाच."

"एज," बेबीनंदा म्हणाली.

"म्हणजे?"

"वय."

"झालं? एवढ्यावर भागलं?"

बेबीनंदा हसली. भागत नसतं, हे तिला पाचवीपासून ठाऊक होतं. गुरुजींच्या तासाला नुसता अर्थ सांगून कुणाची सुटका झालेली गावाने पाहिली नव्हती. ते म्हणायचे, शब्द म्हणजे सोयरा आहे. नाव विचारून दारातूनच परत लावला तर तो तुमचा कसा होईल? त्याला आत घ्या, बसवा, जेवू घाला, चार ठिकाणी सोबत न्या, मग तो अडीनडीला उपयोगी पडेल. म्हणून दर शनिवारी एक नाम, आणि त्या नामाची पाच वाक्यं. वाक्यं गाइडातली चालत नसत, आपापल्या घरातली लागत. 'गोट' शब्दाला कुणी दुसऱ्याच्या शेळीचं वाक्य लिहिलं तर गुरुजी ते खोडत आणि विचारत, तुझी शेळी मेली का रे? या पद्धतीवर त्यांच्या शाळेचा इंग्रजीचा निकाल सगळ्या जाफराबाद तालुक्यात वरचढ लागायचा. गुरुजींना त्याचा अभिमान होता. थोडा जास्तच होता म्हटलं तरी चालेल.

सत्त्याहत्तर सालचा जून महिना होता. बेबीनंदा दहावी पास झाली होती. बौद्धवाड्यातून दहावी झालेली ती पहिलीच मुलगी. औरंगाबादला नर्सच्या ट्रेनिंगला तिचा अर्ज जायचा होता आणि मुलाखतीत चार प्रश्न इंग्रजीत विचारतात असं कुणीतरी सांगितल्यावरून गुरुजी रोज शाळा भरायच्या आधी तासभर तिला रिकाम्या वर्गात शिकवत होते. तिची आई चांगुणाबाई सोबत यायची आणि उंबऱ्याच्या बाहेर, चौकटीला पाठ लावून बसायची. "आत या की," गुरुजी रोज म्हणत. "हितंच बरं हाय," ती रोज म्हणायची. दहा वर्षांपूर्वी ते तिला अगं-तुगं करत. लेक दहावी झाल्यापासून ती चांगुणाबाई झाली होती.

"'ओल्ड एज' म्हणजे म्हातारपण," गुरुजी बोटांवर मोजत सांगू लागले. "'स्टोन एज' म्हणजे अश्मयुग. तिथं तो शब्द एकट्यादुकट्याचा राहत नाही, सगळ्या जगाचा होतो. 'एज लिमिट' म्हणजे वयाची अट. 'अंडर एज' म्हणजे ज्याचं वय अजून भरलेलं नाही असा. आणि 'टू कम ऑफ एज' म्हणजे सज्ञान होणं. आपल्याकडं मुलगी वयात आली म्हणतात ते निराळं. ते घरातल्या बायांनी ठरवायचं, हे कोर्टानं ठरवायचं. त्यात घोळ करायचा नाही. बरं, आता समज मी मुलाखत घेणारी बाई आहे. व्हॉट इज युअर एज?"

"आय अ‍ॅम सेव्हन्टीन इयर्स ऑफ एज."

"सिक्स्टीन," गुरुजी म्हणाले. "दाखल्यावर सोळा आहे."

"तिला अठरावं लागलं की हो गुरुजी," दारातून चांगुणाबाई म्हणाली. "दीक्षेच्या नंतरचा चौथा हुरडा. आम्ही वावरात कणसं भाजून राह्यल्तो अन् तितंच मला कळा सुरू झाल्या. सतरा सरले तिचे."

गुरुजी हसले.

"तुमचं बरोबर असेल, पण कागदावर असतं तेच वय. आणि हे बघ बेबी, आपल्याला सतरावं सरतं, अठरावं लागतं. इंग्रजाला काही लागत नाही न् सरत नाही. त्याला फक्त पुरी भरलेली वर्षं कळतात. म्हणून त्याच्या कागदात 'कम्प्लीटेड' असं येतं. लिहून घे."

बेबीनंदाने लिहून घेतलं. मग पिशवीतून तिने एक पातळ, गुलाबी कागदाचं पुस्तक काढलं.

"कालच्या टपालात आलंय, गुरुजी. ट्रेनिंगचे नियम हायेत. निम्मे मी वाचले, मला लागले. बाकीचे तुमच्यासमोर वाचते."

ती उभी राहिली. तिला उभं राहून वाचायची सवय होती. एकेका ओळीखाली बोट सरकवत ती वाचू लागली. पाचव्या नियमाशी बोट थांबलं आणि बाजारात ओळखीचं माणूस दिसावं तसा तिचा चेहरा खुलला.

"गुरुजी, 'एज' आलंय हितं!"

"मग? त्याला काय विचारायचं असतं?"

"कोणासोबत आलाय ते."

"विचार."

तिने ते वाक्य इंग्रजीत वाचलं आणि मराठीत सांगायला सुरुवात केली. "उमेदवारानं... एक जुलै रोजी... वयाची सतरा वर्षं..." तिचा आवाज खाली खाली गेला. "पूर्ण केलेली असली पाहिजेत."

अर्थ अगदी अचूक होता. एरवी गुरुजी शाबास म्हणाले असते. त्यांनी पुढे होऊन पुस्तक हातात घेतलं, तोच नियम दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे एकसष्ट. एक जुलैला सोळा वर्षं आणि एक महिना.

"काय म्हनतंय?" चांगुणाबाईने विचारलं.

"काही नाही," गुरुजी म्हणाले. "बघू आपण."

'बघू' म्हटलं की काय होतं, हे दोघी मायलेकींना चांगलं माहीत असावं. बेबीनंदा खाली बसली आणि वहीतला 'सेव्हन्टीन' शब्द उगाच पुन्हा पुन्हा गिरवू लागली.

एका वर्षाने काय बिघडणार होतं, असं कुणी म्हणेल. पण तिचा बाप भिवा याने सरळ सांगून ठेवलं होतं. भिवा गवंड्याच्या हाताखाली राबायचा. वाईट माणूस नव्हता. पोरीला दहावीपर्यंत शिकू दिलं, वाड्यातल्या लोकांची बोलणी खाल्ली. पण अंबडचं स्थळ चालून आलं होतं, मुलगा एसटीत लागलेला होता, आणि त्या लोकांना दिवाळीच्या आत उरकायचं होतं. "औंदा नंबर लागला तं बिलकुल शीक म्हन्लं म्या," भिवा गुरुजींना पारावर भेटला तेव्हा म्हणाला होता. "न्हाई लागला तं अंबडवाल्यांना हो म्हनतो. वरीसभर पोरगी घरी बसवून ठिवायची अन् असं स्थळ घालवायचं, हे मला न्हाई जमायचं, गुरुजी." त्यात गुरुजींना चूक काढता आली नाही. गंमत अशी की लग्नाच्या कायद्याला मुलीचं वय पंधरा पुरत होतं. बेबीनंदाच्या दाखल्यावरचे सोळा संसाराला पुरत होते, शिकायला मात्र कमी पडत होते.

दुपारी गुरुजी ऑफिसात गेले. कारकून तातेराव आवक-जावक लिहीत बसला होता. गुरुजींनी सदुसष्ट सालचं रजिस्टर मागितलं. तातेरावाने कपाटावरचं गाठोडं सोडून, धूळ झटकून ते पुढ्यात ठेवलं. गुरुजींनी पान काढलं. अक्षर त्यांचंच होतं. तेव्हा ते प्राथमिकच्या वर्गांना होते आणि पहिलीची भरती त्यांच्याकडेच असायची. निळ्या शाईतलं सुबक, एकसारखं अक्षर. बेचाळीस नावं. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून. मध्ये चार-पाच ठिकाणीच काय ती निराळी तारीख. त्यातली एक त्यांच्या स्वतःच्या मुलीची, पुष्पाची होती. नऊ ऑगस्ट. तिची पत्रिका होती घरी. जन्माची वेळ, घटका, पळंसुद्धा होती.

"अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी," तातेराव मान वाकडी करून पानाकडे बघत म्हणाला. "पेढे वाटायचे तं गाडी भरून आनावे लागतील."

गुरुजी हसले नाहीत.

त्या वेळी त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीला सहा पूर्ण लागायची, म्हणून सगळ्यांना एक जूनला सहा पुरी. पोर सातचं असो की आठचं. शिवाय त्यात गुरुजींचा एक धर्म होता, निदान ते तसं समजत. वरीस-दोन वरीस वय कमी लागलं तर पुढे नोकरीला तेवढीच वर्षं जास्त मिळतात, गरिबाचं कल्याण होतं. आणि या लोकांना तारखा कुठं माहीत असतात? विचारत बसलं तर दिवस जायचा.

रजिस्टरावर हात ठेवून गुरुजी बसले, तसा तो दिवस त्यांना आठवू लागला. रांग दाराबाहेर गेली होती. चांगुणा पोरीच्या दंडाला धरून उभी होती. "कधीची गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं होतं. "दीक्षेच्या नंतर..." ती म्हणाली होती. "ते राहू दे," असं म्हणून त्यांनी लिहूनही टाकलं होतं. "सहा टाकतो. एक जून. पुढं नोकरीला बरं पडेल पोरीला." तिने हात जोडले होते. तिचं वाक्य अर्धंच राहिलं होतं, हे आज दहा वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं. चौथा हुरडा, एवढेच दोन शब्द उरले होते. ते ऐकून घेतले असते तर साल बिनचूक निघालं असतं. छप्पनची दीक्षा, आणि मग बोटांवर चार हुरडे. हा हिशेब त्यांच्या पहिलीच्या पोरांनाही जमला असता. गुरुजींना फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला.

"तातेराव, हे दुरुस्त करायचं तर?"

तातेरावाने टाक खाली ठेवला. त्याने असे कागद पाहिले होते.

"रजिस्टरात आता हात लावता येत न्हाई, दाखला गेला ना. पन तुम्ही लिहून देऊ शकता. 'भरतीच्या येळी आईनं खरं साल सांगितल्तं, तारीख मीच अंदाजानं टाकली, चूक माझी.' हेडमास्तरांची सही घेऊ, शिक्का मारू, अन् अर्जाला जोडू. सोप्पं हाय."

"आणि मग?"

"मंग काय? घेतलं तं घेतलं."

"तसं नाही. माझं काय म्हणतो मी."

तातेरावाने टाक पुन्हा उचलला.

"कोनी विचारलं तं विचारंल, गुरुजी. अंदाजानं किती टाकल्या म्हनून."

गुरुजींनी पानाकडे पाहिलं. मग पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं. एक जून, एक जून. एकीला लिहून दिलं की उद्या दारात रांग लागणार. साहेब रजिस्टरं मागवणार. दोन वर्षांवर निवृत्ती आलेली. समोरच्या भिंतीवर त्यांचं आदर्श शिक्षकाचं प्रशस्तिपत्र काचेत लावलेलं होतं, त्यात त्यांच्या 'काटेकोर कामकाजा'चा उल्लेख होता. भीती वाटत होती, आणि ती वाटते याची लाजही वाटत होती.

"पालकानं अज्ञानामुळं चुकीची तारीख सांगितली," ते हळूच म्हणाले, "असं लिहिलं तर? आईचा जबाब म्हणून. काम तर तेच होईल."

तातेरावाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो शाईच्या पॅडचं झाकण उघडून, आत बोट दाबून, शाई सुकली आहे का ते बघू लागला.

"लिहिता येतं," तो म्हणाला. "कागदाला काय, लिहाल ते बसतं."

मसुदा गुरुजींनी स्वतःच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेबीनंदाच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. आईला कळलं पाहिजे, कायद्याने तसं लागतं, असं म्हणाले. बेबीनंदा उभी राहिली.

"मी, चांगुणाबाई भ्रतार भिवा, धंदा मजुरी, लिहून देते की, माझी मुलगी बेबीनंदा हिला शाळेत दाखल करताना मी अज्ञानामुळे तिची जन्मतारीख..."

ती थांबली. पुढचा शब्द काही अवघड नव्हता.

"वाच," गुरुजी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं मैदान होतं.

"...चुकीची सांगितली."

पुढचं तिने भराभर वाचून टाकलं. उंबऱ्याबाहेर बसलेली चांगुणाबाई ऐकत होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"म्हंजी म्या चुकीचं सांगितल्तं, असं?"

"तसं लिहावं लागतं, चांगुणाबाई," गुरुजी म्हणाले. "कागदाची भाषा असते ती."

"म्या तं दीक्षेचं..."

"हो, हो. पण आपल्याला काम करून घ्यायचंय ना?"

दुसऱ्यांदा तिचं वाक्य अर्ध्यात तुटलं. हे गुरुजींनाही कळलं. पण आता बोलून गेले होते.

"आई, ऱ्हाऊ दे," बेबीनंदा म्हणाली. "नको लावू."

"गप गं," चांगुणाबाई म्हणाली. "एका अंगठ्यानं तुझं काम व्हत असंल तं धा लावते मी. मोठी आली शहानी!"

तातेरावाने ऑफिसातून पॅड आणून तिच्यासमोर धरलं. तिने डावा अंगठा शाईत दाबला, कागदावर उमटवला आणि उरलेली निळाई तेल लावलेल्या केसांना पुसली. बेबीनंदाने कागद फुंकर मारून वाळवला. वाळवताना ती तो पुन्हा एकदा मनात वाचत होती, ओठ हलत होते. गुरुजींकडे मात्र तिने पाहिलं नाही. त्या दिवशी फळ्यावर काही शिकवणं झालं नाही.

अर्ज जूनच्या पंचवीस तारखेला रजिस्टर टपालाने गेला. त्यानंतरचे तीन आठवडे गुरुजींना नीट जेवण गेलं नाही. पोस्टमन शाळेच्या फाटकाशी सायकल लावताना दिसला की त्यांचं वर्गातलं लक्ष उडायचं. काम होईल, असं ते स्वतःला सांगत. काम झालं की त्या कागदात काय लिहिलं होतं, ते कोण बघायला जातंय? मुलगी नर्स होईल, पांढऱ्या कपड्यात गावात येईल, आणि आई सांगत सुटेल की गुरुजींनी केलं. असं झालं तर आपण तो जबाब विसरून जाऊ, असं त्यांना वाटे. कधी कधी रात्री बायको विचारी, "झोप का येत नाही?" तर म्हणत, "वय झालं आता."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर, गुरुजी फळा पुसत असताना बेबीनंदा दारात येऊन उभी राहिली. मागे चांगुणाबाई होती. ती नेहमीसारखी चौकटीशी बसली. बेबीनंदा आत आली. तिच्या हातात टाइप केलेला एकच कागद होता. घडीवरून तो बऱ्याचदा उघडलेला दिसत होता.

"आलं का?" गुरुजींनी विचारलं.

"आलंय. समदं इंग्रजीत हाय. मला लागलं, गुरुजी. पन एकदा तुमच्यासमोर सांगते. चुकलं तं दुरुस्त करा."

तिने कागद त्यांच्या हातात दिला आणि स्वतः बाकापाशी जाऊन उभी राहिली. हात मागे बांधले. तिला तो पाठ झाला होता. आवाज तिने इतका खाली ठेवला होता की दारापर्यंत जाऊ नये.

"तुमचा अर्ज मिळाला. सोबतचा आईचा जबाबही मिळाला. पालकांनी चुकीची माहिती दिली असंल, तं दाखल्यावरच्या वयात बदल धरता येत न्हाई."

गुरुजी कागदावरच्या ओळी बघत होते. ती एकेक शब्द बरोबर घेत होती.

"शाळेनं सवताची चूक म्हनून लेखी दिलं असतं," बेबीनंदा म्हणाली, "तं वयाचा विचार करता आला असता. तसा कागद तीस जूनच्या आत आला न्हाई. यादी पुरी झाली हाय."

गुरुजींनी ती ओळ पुन्हा वाचली. ती तशीच होती. तातेरावाने सांगितलेला कागद दिला असता तर पोरगी आज औरंगाबादला असती. चौकशी झाली असती, नसती झाली, पुढचं पुढे. त्यांनी स्वतःची अब्रू राखायला जे वाक्य लिहिलं, त्यानेच तिचं दार लागलं होतं. ही गोष्ट त्यांना कळली होती आणि समोर हात बांधून उभ्या असलेल्या त्या पोरीलाही कळलेली होती. गुरुजींना वाटलं, हिने ओरडावं, कागद तोंडावर फेकावा. काहीतरी करावं.

"बरोबर सांगितलं का, गुरुजी?"

"बरोबर," गुरुजी म्हणाले.

"'एज' दोनदा आलंय त्याच्यात."

"हो."

"काय म्हनतंय गं?" दारातून चांगुणाबाईने विचारलं.

गुरुजींनी मान वर केली. आता सांगावं, असं त्यांच्या मनात खरंच आलं. पण बेबीनंदा आधीच आईकडे वळली होती.

"जागा भरल्या म्हनत्यात, आई. आपला कागद उशिरा पोचला."

"उशीर न्हाई गं," चांगुणाबाई म्हणाली. ती गुडघ्यावर हात देत उठली आणि उंबरा ओलांडून आत आली. इतक्या वर्षांत वर्गात ती पहिल्यांदाच आली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, बाकांकडे, फळ्याकडे, आणि गुरुजींच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "उशिराचं खरं न्हाई, गुरुजी. ते कागद वाचल्यापून मी रोज इचार करून राह्यले. तवा म्या नीट सांगाया पाहिजे व्हतं. दीक्षा म्हना, हुरडा म्हना, त्याला सरकारात कोन इचारतं? तारीख सांगाया पाहिजे व्हती. माझ्या अडानीपनानं पोरीचं वाटोळं झालं."

"तसं नाही, चांगुणाबाई," गुरुजी म्हणाले.

"तसंच हाय. तुम्ही काय कमी केलं का? सकाळ-सकाळ येऊन शिकवलं, कागद करून दिला. ज्याचं तेला कळतं." तिने डोळ्याला पदर लावला, पण रडली नाही. "जाऊ द्या. अंबडवाल्यांनी जल्दी केलीय. लग्न धरलंय. तुम्ही यायचं. बेबीचे बाबा येतीलच सांगाया, पन म्हन्लं आपन आधी सांगावं. तुम्ही आल्याबिगर मंगल परिनय लागू द्यायचा न्हाई म्या."

बेबीनंदा गुरुजींकडे बघत होती. तोंडी परीक्षेला उभ्या केलेल्या पोराकडे मास्तर बघतो तशी ती बघत होती. रागाने नाही, नुसती उत्तराची वाट बघत. उत्तर एका वाक्याचं होतं. ते मराठीत होतं, सोपं होतं, आणि सांगायला काही खर्च येणार नव्हता. गुरुजींनी ओठ उघडले. हातातला कागद टेबलावर ठेवला, त्याच्या घड्या बोटाने सरळ केल्या. चांगुणाबाई अदबीने, पदर सावरून, त्यांच्या बोलण्याची वाट बघत थांबली होती.

"येतो की," गुरुजी म्हणाले. "कधीचं आहे? तारीख किती?"

"चौदा आगस्ट, ऐतवार," चांगुणाबाईने लगेच सांगितलं. "सकाळी अकरा वाजता. बराबर ध्यानात ठिवलीय म्या."